शेकोटीभोवतीचा दवाखाना

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या भागात पहाटेच्या बोलण्याला एकच सुरुवात असते. "आज किती?" एवढेच विचारायचे. कांद्याचा भाव नव्हे, सोन्याचाही नव्हे. विचारणारा पाऱ्याबद्दल विचारतो आहे हे सगळ्यांना कळते. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथला आकडा सकाळी कानावर येतो आणि मग दिवसभर तो चहाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत फिरत राहतो. काही हिवाळ्यांत हा आकडा दोन-तीन अंशांपर्यंत खाली गेलेला आम्ही पाहिला आहे. महाराष्ट्रात थंडी कुठे असते, असे विचारणाऱ्या पाहुण्याला आम्ही डिसेंबरात पहाटे पाचला द्राक्षाच्या बागेत नेऊन उभे करतो. पुन्हा विचारत नाही.

माझा रोजचा फिरण्याचा रस्ता गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेवरून जातो. तिच्या फाटकापाशी हिवाळाभर शेकोटी असते आणि तिच्याभोवती ठरलेली मंडळी. रोपवाटिकेचे मालक तात्या, वय साठीच्या पुढे. निवृत्त गुरुजी, ज्यांच्या गच्चीवर चाळीस कुंड्यांत गुलाब आहेत आणि जे खत नेण्याच्या निमित्ताने रोज येतात. पिशव्यांत माती भरायला येणाऱ्या मावशी. आणि शेजारच्या द्राक्षबागेचे तरुण मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात. मंडळींची नावे मुद्दाम देत नाही. गोष्ट मात्र त्यांना विचारूनच सांगतो आहे.

गेल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. फिरून येताना मीही पाच-दहा मिनिटे तिथे टेकत असे. मावशींच्या हातचा गवती चहाचा घोट आणि या बागवान लोकांच्या गप्पा, दोन्हींची चव काही वेगळीच. गुरुजी सांगत, "दिवाळीआधी छाटणी केली होती, आता बघा गुलाब कसा बोलतोय. त्याला ही थंडी मानवते." तात्यांची काळजी पपईच्या रोपांची. संध्याकाळी त्यांच्यावर गोणपाट टाकायचे, सकाळी ऊन वर आले की काढायचे. भाऊंचा जीव मण्यांत अडकलेला. पारा फार उतरला की पिकत आलेले द्राक्षाचे मणी तडकतात. वर्षाची कमाई एका पहाटेत जाते. म्हणून रात्री बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ठिबक सुरू करायचे, म्हणजे ओली जमीन थोडी ऊब धरून राहते. मावशींचे म्हणणे सगळ्यांत सोपे: "झाडाला थंडी वाजते म्हणून गोणपाट टाकता, आमच्या हातांवर कोण टाकतं?"

सगळे हसले. मीही हसलो.

सगळ्यांना "थंडी बाधली"

त्या गप्पांत अधूनमधून तब्येतीचा विषय निघेच. डॉक्टर बसले आहेत म्हटल्यावर निघणारच. एका सकाळी तर चौघांनीही आपापली तक्रार सांगून टाकली. भाऊ म्हणाले, "चार दिवस झाले, उठल्यावर डोकं धरलेलं असतं. थंडीनं." गुरुजी म्हणाले, "माझे पाय रात्रभर गार पडतात, ऊबच धरत नाहीत. थंडी आहे ना." मावशी म्हणाल्या, "सांधे आखडलेत, मेडिकलमधून गोळी आणते तेव्हा कुठं हात चालतो." आणि तात्या म्हणाले, "सकाळी पाण्याच्या झाऱ्या वाहताना छातीत जरा भरल्यासारखं होतं. दाढा शिवशिवतात. थंडी बाधली असेल."

मग उपायांची देवाणघेवाण झाली. ओव्याची पुरचुंडी, सुंठीचा काढा, तिळाच्या तेलाचे मालिश, डिंकाचा लाडू. मी काय केले? चहाचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणालो, "तात्या, आता झाऱ्या वाहायचं वय राहिलं का? ये एकदा दवाखान्यात." आणि घड्याळ बघून निघालो.

तीस वर्षांच्या आसपास मी या गावात दवाखाना चालवतो आहे. दवाखान्यात हेच चौघे वेगवेगळे आले असते तर प्रत्येकाला मी चार प्रश्न विचारले असते. शेकोटीवर मात्र मी डॉक्टर नव्हतो, श्रोता होतो. ऐकले सगळे, पण कानांनी. हे लिहिताना आजही मला बरे वाटत नाही.

जळक्या रबराचा वास

चार दिवसांनी पुन्हा तसेच सगळे बसलो होतो. गुरुजी खुर्ची पुढे ओढून, पाय जवळजवळ निखाऱ्यांत घालून बसले होते. बोलता बोलता कसला तरी घाण वास आला. मावशी म्हणाल्या, "रबर जळतंय कुठंतरी." सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिले. जळत होता तो गुरुजींच्या चपलेचा तळ. तो वितळून अंगठ्याला चिकटू लागला होता आणि गुरुजी भाऊंना गुलाबावरच्या भुरी रोगाबद्दल शांतपणे सांगत होते!

चप्पल ओढून काढली तर अंगठ्याला रुपयाएवढा फोड. "गुरुजी, चटका बसला नाही?" "नाही बुवा," ते म्हणाले आणि स्वतःच्या पायाकडे दुसऱ्याचा पाय असावा तसे बघत राहिले.

गुरुजींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांचे पाय गार पडत नव्हते, ते बधिर होत चालले होते. मधुमेह बरीच वर्षे राहिला, आणि विशेषतः साखर वाढलेली राहिली, की पायाच्या टोकाकडच्या नसा आधी मंदावतात. काहींना मुंग्या येतात, काहींना आग होते, आणि काहींना नुसते "गार" वाटते. हात लावून पाहावे तर पाय चांगला कोमट असतो. मग माणूस पाय शेकतो, आणि ज्या पायाला चटका कळत नाही तो नेमका शेकोटीजवळ जातो. अशा पायाची छोटी जखम लवकर भरत नाही, चिघळते, आणि बोट किंवा पाऊल गमावण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

गुरुजींचा फोड भरायला पाच आठवडे लागले. साखर आटोक्यात आणावी लागली, रोज पट्टी करावी लागली. अंगठा वाचला. तेव्हापासून ते शेकोटीकडे पाठ करून बसतात. पायांत मऊ सुती मोजे, वर पुढून बंद असलेली चप्पल. रोज रात्री तळपाय आरशात पाहतात. आंघोळीचे पाणी पायाने न तपासता कोपराने तपासतात. गरम पाण्याची पिशवी त्यांनी घरातून काढूनच टाकली. मधुमेह असलेल्या प्रत्येक वाचकाने यातली एकेक गोष्ट आपल्याला लागू आहे असे समजावे.

त्या जळक्या चपलेच्या वासाने मी मात्र जागा झालो. एकाची "थंडी" जर अशी निघाली, तर बाकी तिघांच्या थंडीचे काय?

भाऊंचे डोके

भाऊंना विचारले, "डोकं किती वाजता दुखतं?" "उठल्या उठल्या. बाहेर येऊन तासभर फिरलं की उतरतं." "झोपता कुठं?" बागेतल्या शेडमध्ये. रात्री दोनदा उठून शेकोट्या बघायच्या असतात, मग घरी कशाला जायचे? शेड पत्र्याचे, वारा येतो म्हणून फटींत पोती कोंबलेली. आणि आत ऊब राहावी म्हणून घमेल्यात निखारे. "धूर होत नाही हं डॉक्टर, पूर्ण धगधगीत झाल्यावरच आत घेतो," भाऊ अभिमानाने म्हणाले. "आणि तुमच्यासोबत झोपणारा गडी?" "त्याचंही डोकं दुखतं म्हणतो. मळमळतंय म्हणत होता."

हे ऐकून त्या थंडीतही मला घाम फुटला.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. धूर झोंबतो म्हणून माणूस पळतो. हा वायू गुपचूप रक्तात शिरतो. आपल्या रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे श्वास चालू असतो आणि मेंदूला प्राणवायू मात्र मिळत नाही. सुरुवात डोकेदुखी, मळमळ, गरगरणे यांनी होते. त्यानंतर गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला ती गुंगी कळतच नाही. बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेले अख्खे कुटुंब सकाळी उठलेच नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो.

भाऊंचे आणि त्यांच्या गड्याचे नशीब एवढेच की पत्र्याच्या शेडला पोत्यांनीही न बुजलेल्या काही फटी होत्या. खूण लक्षात ठेवा: एकाच खोलीत झोपणाऱ्या दोघांचे डोके एकाच वेळी दुखत असेल आणि मोकळ्या हवेत गेल्यावर उतरत असेल, तर ती थंडी नव्हे. निखारे, शेगडी, कोळसा बंद खोलीत कधीही ठेवून झोपू नये. हीच गोष्ट न्हाणीघरातल्या गॅस गिझरची. खिडकी बंद, दार बंद, गिझर आत, आणि आंघोळ चांगली वीस मिनिटे. यातही माणसे बेशुद्ध पडतात. गिझर बाहेर बसवावा, खिडकी उघडी ठेवावी.

भाऊ आता शेडमध्ये दोन घोंगड्या आणि कानटोपी घेऊन झोपतात. घमेले दाराबाहेर.

मावशींचे पाणी

मावशींची गोष्ट साधी वाटली तरी सर्वांत जास्त घरांतली आहे. दिवसभर उकिडवे बसून, ओल्या मातीत हात घालून त्या पिशव्या भरतात. सकाळी बोटे वळत नाहीत. मेडिकलमधून कोणीतरी दिलेली वेदनाशामक गोळी त्या दोन महिने रोज घेत होत्या, काही दिवस दोन-दोन. त्याशिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळणारी रक्तदाबाची गोळी नियमित चालू. तरीही मी दाब पाहिला तर १७० वर १००.

बऱ्याच वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात, दाबाच्या गोळीचा परिणाम कमी करतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. पोट दुखते, कधी आतून रक्तस्रावही होतो. त्यात अंगात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडाला दुहेरी मार. म्हणून विचारले, "मावशी, पाणी किती पिता?" त्या जरा गप्प राहिल्या. मग तात्या ऐकणार नाहीत अशा बेताने म्हणाल्या, "पाणी प्यायचं आणि जायचं कुठं डॉक्टर? पुढं हमरस्ता, मागं उघडं रान. सकाळी घरून निघाले की संध्याकाळी घरीच."

लघवीला जळजळ होत होती, तीही त्यांनी थंडीवरच लोटली होती.

वाचकहो, हिवाळ्यात तहान कमी लागते आणि थंडीमुळे लघवी मात्र जास्त होते. म्हणजे पाण्याची गरज उन्हाळ्याइतकी नसली तरी आहेच, आणि ती तहानेवरून कळत नाही. लघवीचा रंग गडद पिवळा दिसू लागला की पाणी कमी पडते आहे असे समजावे. पण शेतात, बाजारात, बांधकामावर काम करणाऱ्या हजारो बायका पाणी पीत नाहीत, ते तहान नसते म्हणून नव्हे, जायला जागा नसते म्हणून. याला माझ्याकडे औषधाची चिठ्ठी नाही.

मी तात्यांना बाजूला घेऊन सांगितले. ते ओशाळले. "इतकी वर्षं काम करते, कधी बोलली नाही." रोपवाटिकेच्या मागेच त्यांचे घर आहे. दुसऱ्या दिवसापासून मागचे दार उघडे राहू लागले आणि मावशींच्या शेजारी पाण्याचा तांब्या दिसू लागला. बसायला एक बुटका चौरंग आला, म्हणजे ओल्या जमिनीवर उकिडवे बसणे सुटले. रोजची गोळी बंद केली. फारच दुखले तर पॅरासिटामॉल, तीही विचारून. काम सुरू करण्याआधी कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची उघडझाप. महिन्याभरात दाब १४० वर ९० पर्यंत आला.

आणखी एक गोष्ट. मावशींच्या बोटात गुलाबाचा काटा मोडला होता आणि त्याच हाताने शेणखत कालवणे चालू होते. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत आणि शेणात असतात. लोखंडाच्या गंजलेल्या खिळ्यानेच धनुर्वात होतो हा गैरसमज आहे. बागकाम करणाऱ्याने दर दहा वर्षांनी इंजेक्शन घ्यावे. पूर्वी ज्याला टी.टी. म्हणत, त्याऐवजी आता टी.डी. देतात, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण मिळते. मातीत काम करताना काटा खोल रुतला तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मागचे इंजेक्शन कधी घेतले हे आठवत नसेल तर घेतलेच नाही असे समजावे.

तात्यांच्या झाऱ्या

आता तात्या. त्यांना मी मुद्दाम शेवटी ठेवलेले नाही; खरे तर सगळ्यांत आधी विचारायला हवे होते. शेकोटीवर तक्रार सांगितल्याला आठवडा उलटत आला होता.

रोपवाटिकेचा हौद खाली, रोपांची जाळी वर. मध्ये साठ-सत्तर पावलांचा चढ. तात्या रोज सकाळी दोन्ही हातांत भरलेल्या झाऱ्या घेऊन पंधरा-वीस खेपा करत. मी विचारले, "छातीत भरतं ते कधी? बसल्या जागी, की चालताना?" "चढताना." "रिकाम्या झाऱ्या घेऊन उतरताना?" "तेव्हा नाही." "मग काय करता?" "मध्ये लिंबापाशी टेकतो. दोन मिनिटांत जातं. मग पुन्हा उचलतो." "आणि दुपारी?" तात्या विजयी मुद्रेने म्हणाले, "तेच तर सांगतोय! दुपारी याच झाऱ्या घेऊन याच चढानं जातो, काही होत नाही. म्हणून तर म्हटलं, थंडीचंच आहे."

तर्क बरोबर होता, निष्कर्ष चुकीचा. कष्ट करताना छातीत दाबल्यासारखे, भरल्यासारखे होणे, ते जबड्यात, खांद्यात किंवा हातात जाणे, आणि थांबल्यावर काही मिनिटांत उतरणे, हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण आहे. त्याला वैद्यकात अंजायना म्हणतात. दुपारी न होता सकाळी होते याचेही कारण आहे. थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. पहाटेनंतरच्या तासांत शरीराचा दाब तसाही चढता असतो. जी रक्तवाहिनी आतून अरुंद झालेली आहे ती दुपारी कसेबसे भागवते, सकाळी तिचे पितळ उघडे पडते.

त्यांना तिथूनच दवाखान्यात आणले. कार्डिओग्राम काढला. पट्टी स्वच्छ! तात्यांचा मुलगा म्हणाला, "चांगली आली ना साहेब, मग नाशिकला कशाला? लगीनसराई तोंडावर आली, ऑर्डरी आहेत."

इथे बरेच जण फसतात. दुखत नसताना काढलेली पट्टी अंजायनात अगदी व्यवस्थित येऊ शकते. मी त्याला म्हणालो, "आपल्या गावातला रस्ता बाजाराच्या दिवशी तुंबतो. बाजार नसताना जाऊन पाहिलं तर मोकळाच दिसणार. म्हणून रस्ता रुंद आहे असं म्हणशील का?" ते त्याला पटले. तात्यांना ॲस्पिरिन दिली, झारीला हात लावायचा नाही असे बजावले आणि दुपारच्या आत गाडीने नाशिकला रवाना केले. नव्याने सुरू झालेल्या अंजायनात "बघू चार दिवस" याला जागा नसते. अँजिओग्राफीत डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी नव्वद टक्के बंद निघाली. स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत खर्च बसला. दहाव्या दिवशी तात्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले दिसले.

हे सुदैव. काही वर्षांपूर्वी माझ्याच ओळखीचे एक गृहस्थ, वयाने तात्यांएवढेच, तीन दिवस सकाळी फिरताना छातीत "गॅस" होतो म्हणून ओवा आणि सोडा घेत राहिले. चौथ्या पहाटे मला बोलावणे आले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांच्या पत्नीने विचारले, "आदल्या दिवशी आले असते तर?" या प्रश्नाला मला आजवर उत्तर देता आलेले नाही. शेकोटीवर तात्यांचे बोलणे ऐकून उठून गेलो त्या दिवशी हा प्रश्न मला आठवायला हवा होता.

थंडीचा दोष किती?

तर थंडी निर्दोष आहे का? तसेही नाही. थंडीत रक्तदाब वाढतो. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात हिवाळ्यात अधिक दिसतात. पहाटे हवा जड होऊन जमिनीलगत बसते, तिच्यात शेकोट्यांचा आणि वाहनांचा धूर अडकतो, म्हणून दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. हे सगळे खरे. पण बरे होऊन आल्यावर तात्यांनीच मला एकदा सांगितले ते माझ्या पुस्तकांपेक्षा नेमके होते. ते म्हणाले, "डॉक्टर, एकाच वाफ्यात शंभर रोपं असतात. पारा सगळ्यांना सारखाच. मरतात ती पाच-सात. उपटून बघा, त्यांची मुळं आधीच कच्ची निघतात. थंडीनं फक्त दाखवून दिलं."

म्हणून मला वाचकांना एवढेच सांगायचे आहे: "थंडी बाधली" हे निदान नव्हे. सर्दी, शिंका, घसा, अंग कसकसणे याला खुशाल थंडी म्हणा. काढा घ्या, वाफ घ्या, विश्रांती घ्या, आणि साध्या सर्दीसाठी अँटिबायोटिक मागू नका. पण पुढील गोष्टी थंडीच्या नावावर खपवू नका.

चढताना, ओझे उचलताना, जेवून चालताना छातीत, जबड्यात किंवा हातात दाबल्यासारखे होणे आणि थांबले की थांबणे. हे एकदा झाले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दुखणे बसल्या जागी आले, पंधरा मिनिटे टिकले, सोबत घाम फुटला किंवा धाप लागली, तर दवाखाना शोधत बसू नका. १०८ वर फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. झटक्यात पहिला तास लाखमोलाचा असतो. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छाती न दुखता नुसती धाप, घाम किंवा कमालीचा थकवा एवढेच लक्षण असू शकते, हेही ध्यानात ठेवा.

चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एका हाताची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे. याला "वारं लागलं" म्हणून तेल चोळत बसू नका. पक्षाघातावरचे रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

पाय बधिर होणे, उठल्यावर रोज डोके दुखणे, दम लागून रात्री उठून बसावे लागणे, या तिन्हींची चौकशी करून घ्या.

आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी हिवाळ्यात एकदा दाब मोजून घ्यावा. उन्हाळ्यात पुरेशी असलेली मात्रा थंडीत कमी पडू शकते. वयस्कर मंडळींनी पहाटे पाचला फिरायला जाण्याचा हट्ट सोडावा. ऊन वर येऊ द्या, मग जा. कान, डोके आणि छाती झाका. अंथरुणातून उठून लगेच जड कामाला भिडू नका. डिंकाचा लाडू खा, पण तूप आणि गूळ यांचा हिशेब ठेवून. तो अंगमेहनत करणाऱ्यासाठी होता, दूरदर्शन संचासमोर बसणाऱ्यासाठी नव्हे. साठीपुढच्यांनी आणि दमेकऱ्यांनी फ्लूच्या लसीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आणि यंदा

यंदाही शेकोटी पेटली आहे. हौदावर छोटी मोटर बसली आहे आणि वरच्या जाळीपर्यंत नळी गेली आहे. दोन्ही झाऱ्या फाटकाशी उलट्या टांगल्या आहेत. तात्या म्हणतात, शोभेला. भाऊंच्या घडांत पाणी उतरू लागले आहे, म्हणजे जागरणे आलीच. गुरुजी पाठ शेकत गुलाबाच्या नव्या कलमांबद्दल सांगतात. मावशी आता कपभर चहा सगळ्यांच्या आधी स्वतः घेतात.

आल्यागेल्याला तात्या अजूनही पहिला प्रश्न तोच विचारतात, "आज किती?" मग पाऱ्याची चर्चा होते, मण्यांची होते, मोहोराची होते. पण पन्नाशीपुढचा कोणी नवा माणूस शेकायला बसला की ते हळूच दुसरा प्रश्न विचारतात. "काय हो, चढ चढताना मध्ये थांबावं लागतं का?"

या एका प्रश्नाने यंदा दोघे जण माझ्याकडे आले. त्यातल्या एकाला खरोखरच नुसती सर्दी होती.